चार वाजायच्या आत

तो मला पहिल्यांदा भेटला तो एका अर्धवट राहिलेल्या लढाईत. मला त्याचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, तो 'तो' आहे की 'ती' हेही माहीत नव्हतं. पडद्यावर नुसतं 'स्लो पॉयझन' असं यायचं. आणि माझं नाव... हसायचं नाही हं. 'थंडर क्वीन'. सतराव्या वर्षी घेतलेलं नाव तेविसाव्या वर्षी बदलायची त्या खेळात सोयच नव्हती.

केजच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. माझे वडील, आप्पा, पुढं गल्ल्यावर बसतात. मागं जिथं एसटीडीची काचेची खोली होती, तिथं आम्ही तीन कॉम्प्युटर टाकले होते. निकालाच्या दिवसांत पोरांची झुंबड उडायची, एरवी दुपारी चिटपाखरू नसायचं. मग मी एका कॉम्प्युटरवर बसून बीस्टोरा खेळायची.

हा खेळ नेटवरून खेळायचा. तुमची सहा श्वापदं, समोरच्याची सहा, प्रत्येकाला चार डाव येतात. आळीपाळीनं डाव टाकायचे आणि ज्याची सहाही आडवी झाली तो हरला. समोर जपानातलं पोरगं असेल नाहीतर ब्राझीलमधली आजीबाई, काही कळत नाही. माझ्या सहांची नावं मी दुकानातूनच उचलली होती. साप म्हणजे पळी, विंचू म्हणजे सांडशी, गरुड तो झारा, साळिंदर ती किसणी, कासव ती परात. आणि सहावं एक लाल रानडुक्कर, घंगाळ.

घंगाळ माझं सगळ्यात पहिलं. अंगात हत्तीचं बळ, पण जातीनं आगीचं. आणि त्या खेळात आगीचे सगळे डाव मंत्रबळावर मोजायचे. मंत्रबळ घंगाळाकडं औषधालाही नव्हतं. बिचारं तोंडातून एवढा मोठा जाळ काढायचं आणि समोरच्याला साधा चटकासुद्धा बसायचा नाही. तरी सहा वर्षं मी त्याला संघातून काढलं नव्हतं. काही माणसं उगाच आवडतात ना, तसं.

खेळाचा एक नियम होता, आणि तो करणाऱ्यानं केज पाहिलेलं नसणार. जो मध्येच निघून जाईल तो हरला. आमच्याकडं तर २००८ साली लाईट रोज ठरलेल्या वेळी जायची. बहुतेक आठवड्यांत दुपारी चारला. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्याच मेल्या होत्या. म्हणून माझा खेळ एकाच गोष्टीवर उभा होता, चार वाजायच्या आत संपवायचं. मी सहाही श्वापदांचे सगळे गुण वेगात घातले होते. बचाव नाही, दम घेणं नाही. सुटायचं आणि तुटून पडायचं. जिंकले तर जिंकले, हरले तर हरले... पण माझ्या हातानं, लाईटीच्या नाही.

ही सवय खेळापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी माझी सुपारी फुटली होती. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं काम माझंच. स्टीलवर मशीननं, तांब्या-पितळेवर छिन्नी-हातोडीनं. सुपारीच्या दुसऱ्याच दिवशी मी उत्साहात रुखवताच्या अकरा भांड्यांवर 'सौ. रुद्राणी त्रिंबक' असं नाव घालून मोकळी झाले. भांडी आमचीच, छिन्नी माझीच, थांबवणार कोण? महिन्याभरात त्या लोकांनी परभणीची मुलगी पसंत केली. कोरलेलं नाव घासलं तर पत्रा पातळ होतो. विकताही येईना, वापरताही येईना. आप्पांनी अकराही भांडी गोणीत बांधून सगळ्यात वरच्या फळीवर टाकली. तेव्हापासून माझं एक ठरलं होतं. कोणी सोडून जायच्या आत आपण संपवायचं.

तर स्लो पॉयझन. माणूस इतका संथ खेळायचा की बघताना जांभई यावी. थोडं विष टाकणार, मग दम घेणार, परत थोडं विष. पहिल्या दिवशी मी दात-ओठ खात खेळत होते आणि चारच्या ठोक्याला लाईट गेली. गेलाच हाही सामना, म्हणत उठले. साडेसहाला लाईट आल्यावर निकाल उघडला, तर तिथं वेगळंच. 'दोन्ही खेळाडू गैरहजर. सामना रद्द.'

मला वाटलं, कंटाळून तोही उठला असेल. पुढच्या वेळी परत तेच. तिसऱ्या वेळी परत. मग एका सोमवारी लाईटीचं वेळापत्रक बदललं, सकाळी साडेअकराला जायला लागली. त्या सकाळी आमचा सामना चालू होता. साडेअकराला लाईट गेली, दोनला आली, निकाल उघडला... 'दोन्ही खेळाडू गैरहजर.'

मी पडद्याकडं बघत राहिले. अख्ख्या जगात एकच माणूस असा होता, ज्याच्याशी खेळताना लाईट गेली तरी मी हरत नव्हते.

तेवढ्यात चैत्रात खेळाची नवी आवृत्ती आली. नवे नियम, नवी श्वापदं, सगळं उलटंपालटं. नेटवर कोणीतरी 'सर्वांत भारी सहा' अशी यादी टाकली होती. मी पहिल्याच दिवशी घंगाळाला काढलं आणि यादीतला एक विजेचा सरडा आत घेतला. विचार नाही, काही नाही. त्यानंतर ओळीनं अकरा सामने हरले. बाराव्याला समोर स्लो पॉयझन होता. अर्ध्या खेळात त्यानं खालच्या चौकटीत इंग्रजीत विचारलं, "तुमचं लाल डुक्कर कुठे गेलं?"

सहा वर्षांत माझ्या घंगाळाची चौकशी करणारं हे पहिलंच माणूस. मी धीर करून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "तुमच्याकडं लाईट कधी जाते?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. संथच माणूस तो. मग अक्षरं उमटली, "चारला. मागं साडेअकराला जायची. तुमी केजचे का?"

"हो. तुम्ही?"

"युसूफ वडगाव."

जपान नाही, ब्राझील नाही... जीपनं गेलं तर तासाच्या आतलं गाव! मी एकटीच मोठ्यानं हसले. पुढून आप्पा ओरडले, "काय झालं गं?"

त्याच चौकटीत मी त्याला घंगाळाचं नाव आणि दुकानाचा पत्ता सांगितला. तो आला त्या दिवशी वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. लग्नाच्या खरेदीला आलेल्या छबुबाई परातीवर टिचक्या मारून आवाज बघत होत्या. तेवढ्यात दारात एक सावळा, उंच मुलगा उभा राहिला. कपाळावर भस्माचं पुसट बोट, खिशाला पेन, शर्टावर जीपमधली धूळ.

"शरणार्थ, आप्पा," तो हात जोडून म्हणाला. मग माझ्याकडं वळून हळूच... म्हणजे त्याला हळूच वाटलं तसं, "थंडर क्वीन तुमीच का?"

छबुबाईंच्या हातातली परात खण्णकन वाजली. आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"रुद्राणी," मी दातांतून म्हणाले. "माझं नाव रुद्राणी आहे."

"मी संगमेश. वडगावात कॉम्प्युटरचा क्लास घेतो." मग जरा थांबून म्हणाला, "घंगाळासाठी आलतो."

"घंगाळ पायजे व्हय!" आप्पा एकदम खुलले. "पितळी दाखवू का तांब्याचं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. दोघांनीही ओठ घट्ट दाबून धरले होते.

चार वाजले, लाईट गेली. आमचा खरा खेळ लाईट गेल्यावर सुरू झाला. भांडी गुंडाळायच्या रद्दीतला एक कागद त्यानं काउंटरवर पसरला आणि बातम्यांच्या कडेच्या कोऱ्या जागेत माझ्या सहांची नावं लिहिली. अक्षर सुरेख होतं. मी तसं दाखवलं मात्र नाही.

"सगळ्याईचा सगळा जीव पायात घातलाय तुमी," तो म्हणाला. "नुसता वेग. कावून?"

"लाईट जाते ना."

"लाईट तर आमची बी जाते."

"मग तुम्ही रोज हरत असाल."

"हारतो की. तुमाला सोडून सगळ्याला हारतो." त्यानं मान वर केली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी चिंच लावलेल्या फडक्यानं एक स्वच्छ तांब्या उगाचच परत घासत राहिले.

त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा यायचा. कधी झाकण, कधी गाळणी, दरवेळी काहीतरी घेऊन जायचा. वडगावातल्या त्याच्या घरी त्या वैशाखात किती गाळण्या झाल्या असतील देव जाणे. त्या रद्दीवर आम्ही माझा जुना संघ नव्यानं बांधला. परातीचा वेग काढून जीव वाढवला. किसणीनं आधी मैदानभर काटे पेरायचे, म्हणजे समोरून जो येईल त्याला आत येतानाच टोचतील. सांडशीचा एक हल्ला काढून समोरच्याला रोखून धरायचा डाव दिला. झारा होता तसाच ठेवला.

"ह्याला हात लावू नका," संगमेश म्हणाला. "जे चांगलं हाय ते चांगलंच हाय."

"आणि घंगाळ?"

"तुमी नवे नियम वाचलेच न्हाईत ना?"

"वाचले," मी म्हणाले. मग त्याच्या नजरेपुढं टिकता येईना. "...यादी वाचली."

त्यानं पेनचं टोपण काढलं. "आता आगीचा डाव सगळाच मंत्रबळावर मोजत न्हाईत. फुंकून टाकायची आग मंत्रबळावर, पण जबड्यानं चावायची आग अंगबळावर. तुमचं डुक्कर पैल्यापासून ताकदीचं हाय. त्याच्यात खोट नव्हती, मोजमाप चुकीचं व्हतं. एक डाव बदला फक्त. बाकी त्याला हाय तसं राहू द्या."

मी कागदाकडं बघत राहिले. वरच्या फळीवरची गोणी डोळ्यांसमोर आली. का आली, ते त्या वेळी कळलं नाही. डोळे भरून आले तेवढं खरं.

"काय झालं?"

"काही नाही. चिंच उडाली डोळ्यात."

मग मीच त्याला त्या अकरा भांड्यांची गोष्ट सांगितली. का सांगितली, माहीत नाही. तो हसला नाही, कीव केली नाही. नुसतं विचारलं, "अक्षर चांगलं आलतं का?"

"फार सुंदर आलं होतं," मी म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या भांड्यांवरून मला हसू आलं.

त्या दिवसापासून मी त्याची वाट बघायला लागले. जीपचा हॉर्न वाजला की मान आपोआप वळायची. मला तो आवडत होता. असं साधंसरळ स्वतःशी कबूल करायलाही मला चार दिवस लागले.

आणि पाचव्या दिवशी, एका बुधवारी, तो म्हणाला, "पुण्याला जायलोय. कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम लागलंय, नऊ महिन्याचं. शिकून येतो. मग इथं केजला सवताचं दुकान टाकायचं हाय."

नऊ महिने. परभणीची मुलगी पसंत करायला त्या लोकांना महिनाच पुरला होता.

"बरं झालं," मी चटकन म्हणाले. "मग हे संघाचं राहू द्या आता. तुम्हाला तयारी असेल." मी रद्दीचा कागद गोळा केला आणि चुरगळायला लागले.

त्यानं माझ्या मुठीतून कागद काढून घेतला, सावकाश. बोटांना बोटं लागली, तरी घाई केली नाही. "बघा. परत पळायला लागल्या. आज काय वाजलेत?"

"साडेतीन."

"मंग? अर्धा तास हाय की अजून." तो कागदाच्या घड्या उलगडत म्हणाला, "रविवारी निघतो. त्याच्या आधी एक सामना खेळू. इथं, शेजारी बसून."

रविवारी आप्पा लग्नाला गेले होते. आभाळ भरून आलं होतं, वळवाचे टपोरे थेंब पत्र्यावर मधूनमधून ताशा वाजवत होते. तो एका कॉम्प्युटरवर, मी शेजारच्या. मध्ये हातभर अंतर. आणि पहिल्यांदाच मी माझा नवा जुना संघ त्याच्यासमोर उतरवला.

किसणीनं काटे पेरले. सांडशीनं त्याच्या अजगराला धरून ठेवलं. घंगाळ आलं आणि त्यानं असा काही जबडा मारला की संगमेशचं बर्फाचं अस्वल एका डावात आडवं. मी खुर्चीतून उडालेच. अस्वल पडलं त्याचं, आणि चेहराही त्याचाच माझ्याहून जास्त फुललेला.

चारला पाच कमी. माझी परात आणि घंगाळ उरलं होतं, त्याची तीन. परातीला एक डाव येत होता, स्वतःचा जीव घालून समोरच्यावर कोसळायचा. लागला तर जिंकायची संधी, चुकला तर खेळ खलास. जुनी मी एव्हाना तो टाकून मोकळी झाले असते. बोट त्याच्यावर गेलंही. जिंकले काय, हरले काय... चार वाजायच्या आत संपलं असतं, तो जीपमध्ये बसला असता आणि मला वाट बघावी लागली नसती.

मी बोट उचललं आणि परातीला दम घ्यायला लावला.

संगमेशनं वळून पाहिलं. त्यानंही दम घेतला. मी परत दम घेतला. पाच मिनिटं दोन शहाणी माणसं नुसती दम घेत बसली होती.

आणि लाईट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. पत्र्यावर पाऊस आता चांगलाच लागला होता. अंधुक उजेडात मला त्याचं नाक आणि कपाळ तेवढं दिसत होतं.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. चार वाजून गेले होते, आता कसली घाई? "खूप आवडता. आणि मला भीती वाटते."

"मला बी," तो म्हणाला. "दोन्ही."

मग तो उठला, पुढच्या फळीवरून एक तांब्याचा तांब्या आणला आणि माझ्यापुढं ठेवला. "नाव घाला ह्याच्यावर."

"कोणाचं?"

"रुद्राणी."

"आणि पुढं?" मी तांब्या हातात फिरवत विचारलं.

"पुढं आत्ता काई न्हाई. जागा सोडा. माघात आलो, आन् तुमाला वाटलं, तर तुमच्या हातानं भरा. न्हाई वाटलं तर तुमचा तांब्या, तुमचं नाव. कुनाला फळीवर टाकायची गरज न्हाई."

तांब्यावर नाव घालायला लाईट लागत नाही. मी छिन्नी आणि छोटी हातोडी घेतली. टक... टक... टक. पावसाच्या आवाजात एकेक टिंब उठत गेलं. 'रुद्राणी'. आधी सौ. नाही, पुढं काही नाही. त्याच्यापुढं मी चार बोटं जागा कोरी सोडली. काम अर्धं ठेवून हातोडी खाली ठेवण्याची माझी ही पहिलीच वेळ होती.

तो गेला. पुढच्या रविवारी दुपारी तीनला पडद्यावर 'स्लो पॉयझन' उमटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आम्ही खेळायला लागलो. खेळता खेळता माझं लक्ष घड्याळाकडं गेलं, आणि एकदम कळलं... आता तो पुण्यात आहे. तिथं चारला लाईट जात नाही. आज माझी जाईल, आणि आज मी त्याच्याकडून पहिल्यांदा हरेन.

चारला लाईट गेली. मी अंधारात तशीच बसून राहिले. एक सामना तो काय, पण मला फार वाईट वाटलं. साडेसहाला लाईट आली. निकाल उघडायला हात होईना. शेवटी उघडला.

'दोन्ही खेळाडू गैरहजर. सामना रद्द.'

योगायोग असेल, मी म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी वेळापत्रक बदलून साडेअकराचं झालं होतं. साडेअकराला माझी लाईट गेली. दोनला निकाल पाहिला. दोन्ही खेळाडू गैरहजर.

आषाढात एक दिवस नऊवारीतल्या एक बाई दुकानात आल्या. काउंटरवर पिशवी ठेवून म्हणाल्या, "पोरी, एक गाळणी परत घेतीस का? आमच्या घरात सा झाल्यात." 'युसूफ वडगाव का?' असं मी विचारायच्या आतच त्या सुरू झाल्या. "मी केसरबाई. माझा लेक पुण्याला ऱ्हातो, संगमेश. त्यानंच आणल्यात सगळ्या. येडं झालंय बाई ते! दर सोमवारी फोन करतंय. मला वाटतं, आईची तब्येत इचारंल. तर म्हणतंय, 'आई, ह्या आठवड्यात लाईट किती वाजता जाते?' आता तिथं बसून ह्याला आमच्या लाईटीचं काय करायचंय, सांग बरं तू!"

माझे डोळे काउंटरवरच्या तांब्याकडं गेले. त्यांचेही गेले. त्यांनी तो उचलून उजेडात धरला, नावावरून बोट फिरवलं.

"हे कावून अर्धंच ठिवलं?"

"अर्धं नाही काकू," मी म्हणाले. "जागा सोडलीय. माघापर्यंत."

केसरबाईंनी तांब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पिशवीतल्या गाळणीकडं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मोडत गेल्या. तांब्या त्यांनी पदरानं पुसला, होता तिथंच हळूच ठेवला आणि स्टूल ओढून ऐसपैस बसल्या.

"मंग च्या ठिव," त्या म्हणाल्या. "जीप काय, दुसरी मिळंल. मला काई घाई न्हाई."